आठवं रिंगण

"मावशी, सात माणसं येणार उद्या! ह्ये आठवं रिंगण कुणासाठी वो?" पहारेकरी गुंडू दारातनंच ओरडला.

तानाबाईनं मोजलं. खरंच की, आठ!

स्वाइन फ्लूनं त्या दोन हजार नऊ साली अख्ख्या कोल्हापूरला तोंडाला फडकी बांधायला लावली होती. उचगावच्या दूध संस्थेचं ऑफिस बारा दिवस बंद होतं, उद्या सोमवारी उघडणार. गणपतराव साहेबांचा हुकूम होता : फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायची, दोन खुर्च्यांत चार हात जागा सोडायची, ज्याचा कप त्याच्याच खिळ्याला. तानाबाईनं कोपरापासून बोटापर्यंत मापून खडूची रिंगणं काढली. चोवीस वर्षं आठ जणांना चहा दिलेला हात तो, आठ काढूनच थांबला.

आठवे सोमशेखर. कागलकडचे कारकून, डावखुरे. तिला 'अक्का' म्हणायचे, ती त्यांना 'अण्णा'. फ्लूनं सहा दिवसांत गेले. त्यांची खुर्ची सकाळीच तिनं गोदामात नेऊन ठेवली होती.

तिनं रिंगण पुसलं. फरशी वाळली तसं ते परत वर आलं, आधीपेक्षा पांढरंफेक. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

"ब्लीचिंग हाय त्ये मावशी, भूत न्हवं," गुंडू हसला खरा, पण पाय काही उंबऱ्याच्या आत टाकेना.

तानाबाई मटकन खाली बसली. "गुंडू, खोकला पयला मला आलता रं. रोज बुडंल म्हणून कुणाला बोलले न्हाय. तसाच च्या देत हुते. अण्णास्नी माझ्याच हातनं गेला आसंल."

"आवो, सगळ्या गावाला आलता की त्यो!"

पण हे बोलताना गुंडू तिच्याकडं बघत नव्हता.

सोमवारी माणसं आली आणि आपापल्या रिंगणात अवघडून बसली. कपाटाकडं जायचं तर आठव्याला वळसा घालून. संयोगिताबाईंनी तर निऱ्या आवरून घेतल्या. अकराला सात जणांना चहा मिळाला, पण कप कुणी तोंडाला लावेना. आणखी कुणीतरी थांबलंय चहाला, असं.

तानाबाईनं आठव्या खिळ्याचा कप काढला, भरला आणि रिंगणात मधोमध ठेवला. गडबडीत कपाचा कान उजवीकडंच राहिला; डावखुऱ्या अण्णांना ती तो नेहमी डावीकडं करून द्यायची.

"घ्या अण्णा," ती म्हणाली, "आज खोकला न्हाय मला."

साहेबांनी फडकं नाकावर ओढलं आणि हजेरीबुक उघडलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती कप उचलायला वाकली. चहा काठोकाठ तसाच. वरची सायसुद्धा मोडली नव्हती. फक्त कान डावीकडं फिरला होता.

गुंडूला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. मारली नाही. कप विसळला, पदरानं पुसला, त्याच्या खिळ्याला लावला. मग स्वतःचा चहा घेऊन ती भिंतीला टेकून बसली, रिंगणापासून बरोबर चार हात सोडून.