पदर डाव्या खांद्यावर

परक्यांचे फोटो गोळा करायचं खूळ सुरुचीला कुठून लागलं, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. चोरबाजार, रद्दीची दुकानं, पाडायला काढलेल्या इमारतींचं भंगार, जिथून मिळतील तिथून ती स्लाइडांचे डबे उचलून आणायची. स्लाइड म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म. पूर्वी हौशी घरांत भिंतीवर चादर लावून सगळे मिळून बघायचे. सुरुची परळच्या खोलीत बसून त्यांची धूळ पुसायची, स्कॅन करायची आणि इंटरनेटवर टाकून खाली लिहायची, "यांना कुणी ओळखतं का?" लोक "किती गोड" म्हणायचे आणि पुढे जायचे. ओळखत कुणीच नव्हतं.

गिरगावच्या एका डब्यात ती बाई निघाली. फिकट हिरवी साडी, बाकावर बसलेली, मांडीवर तान्हं मूल. पदर मात्र उजव्या खांद्यावर. सुरुचीला हसूच आलं. स्लाइड उलटी लागली की डाव्याचं उजवं होतं, हा या कामातला नेहमीचा घोटाळा. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. हातात धरून बघितलं की कळतं. पण बघायला उठतंय कोण? पदर डाव्याच खांद्यावर असतो, त्यात काय बघायचंय! तिने कॉम्प्युटरवर एक बटण दाबून बाई फिरवली आणि फोटो टाकून दिला.

फोटोखाली दिलेल्या नंबरवर आठवड्याने माया कांबळेचा फोन आला. भोईवाड्याच्या चाळीत राहणारी, पन्नाशीची, शाळेत शिपाई. फोनवर आधी नुसती रडलीच.

"ती माझी आई हाय गं. चंपा. डाव्या हाताचं पहिलं बोट बघ, अर्धंच हाय ना? मिलच्या वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळताना गेलेलं."

सुरुचीने फोटो मोठा करून पाहिला. डाव्या हाताचं पहिलं बोट खरंच अर्धं होतं.

माया वर्षाची व्हायच्या आत चंपा गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता; त्या बोटाची गोष्ट तेवढी माया लहानपणापासून ऐकत आली होती. फोटो काढायची चैन होती कुणाला? चंपाला पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं, मायाचे बुधाजीमामा, ऐंशीच्या पुढचे. त्यांना मोबाइल डोळ्यांना लावून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "व्हय, चंपीच ही." झालं, शंकेला जागाच उरली नाही. मायाने फोटो मोठा करून फ्रेम केला. येत्या रविवारी आईच्या नावाने वंदनेला भन्तेजींना बोलावलं, चाळीला जेवण सांगितलं. "माझी आई मला घेऊन बसलीय, हे मी जन्मात पयल्यांदा बघितलं," ती सुरुचीला म्हणाली. "तू यायचंच हां." सुरुची हवेत होती. इतक्या वर्षांच्या खुळाचं चीज झालं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी तिने त्या डब्यातल्या बुरशी लागलेल्या स्लाइडा साफ करायला घेतल्या. त्यांतल्या एकीत तीच बाई होती. तोच चेहरा, पण केस पांढरे. ती एका दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि दुकानावर गुजराती पाटी होती. पाटीवरची अक्षरं सरळ होती, म्हणजे ही स्लाइड उलटी लागलेली नव्हती. आणि पदर उजव्याच खांद्यावर होता, गुजराती बायका घेतात तसा. कठड्यावर टेकलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं होतं.

पहिली स्लाइड काढून तिने उजेडात धरली. ती पहिल्यापासून सरळच होती. उलटी केली होती ती सुरुचीनेच.

गप्प बसावं, असं तिला आधी वाटलं. एका बाईला आई मिळाली, कुणाचं काय बिघडलं? पण भन्तेजी वंदना म्हणणार, चाळ हात जोडणार, तेही कुणा गुजरात्याच्या आजीपुढे! आणि तिकडे चंपा कायमची पुसली जाणार. शनिवारी सकाळी ती भोईवाड्यात गेली.

फ्रेम भिंतीवर लागली होती, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी. खाटेवर बुधाजीमामा डोळे मिटून पडले होते. माया चहा ठेवायला वळली तशी सुरुची म्हणाली, "मायाताई, आधी बसा."

तिने सगळं सांगितलं. मोबाइलवर तो दुसरा फोटो दाखवला. मायाने बोट लावून तो मोठा केला.

"ही म्हातारी झाली," ती म्हणाली. "माझी आई तर पंचविशीपण बघू शकली नाय." मग तिने मान वर केली. कालपर्यंतचा 'तू' गेला होता. "तुम्ही फिरवला कशाला फोटो?"

"पदर... मला वाटलं, पदर डावीकडेच असणार."

"तुम्हाला वाटलं!"

माया उठून मामांच्या खाटेशी गेली.

"मामा, तुम्ही तर ओळखलंत ना? तुम्ही म्हणालात, चंपीच ही. हात जाऊ दे. तोंड? तोंड तिचंच हाय ना?"

एका खोलीत कुणाला काय ऐकू जायचं राहतं? म्हातारा जागाच होता. तो उठून बसला आणि हरवलेलं काही शोधावं तशी चादर चाचपत राहिला.

"तू लय खूश व्हतीस गं माया. नाय कसा म्हणू? चंपीचं बोट आठवतं. हसायची ते कानात हाय." त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. "तोंड नाय आठवत. लय दिस झालं, नाय आठवत."

माया खाली बसली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण नाही पाहिली तरी मामांच्या डोळ्यांत आई आहे. आता ती तिथेही नव्हती. सुरुचीला रडू फुटलं, पण या घरात रडायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळत होतं.

थोड्या वेळाने मायाने स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. ती काही तिने आपटली नाही. पदराने काच पुसून सुरुचीच्या हातात दिली. "हिच्या घरची कोण आली तर द्या. त्यांचीपण आई असंल."

रविवारचा कार्यक्रम झाला. खिळ्याखालच्या मोकळ्या भिंतीसमोर मेणबत्ती लावली, चंपाचं नाव घेतलं आणि चाळ हात जोडून उभी राहिली. सुरुची दाराशीच थांबली होती. निघताना माया तिच्याजवळ आली.

"तुमच्याकडं अजून डबे हायत ना?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

"बघत ऱ्हावा. डावा हात."

आता सुरुची प्रत्येक स्लाइड आधी उजेडात धरते, चकचकीत बाजू कुठली ते बघते आणि बटणाला हात लावत नाही. मग त्यातल्या बाईचा डावा हात बघते, आणि चेहरा त्यानंतर.