सुविधा कोणाची

तळ्याकाठच्या सरकारी तंबूतळाच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा निम्म्याहून जास्त जागा मोकळ्या दिसत होत्या. तरीही चौकीदार मान हलवत होता.

"बुकिंग ऑनलाइनच, ताई. आता सगळं कंपनीकडे दिलंय."

ताई शहरातल्या बसची कंडक्टर. रोज शंभर तऱ्हेची माणसं बघणारी. तिच्या गळ्यात काहीही मारणं सोपं नव्हतं. मागच्या सीटवर तिचे वडील होते. याच तळावर रखवालदार म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी त्यांना एक रात्र तळ्याकाठी झोपायचं होतं. जन्मात कधी काही न मागितलेल्या माणसाने मागितलं, म्हणून ती रजा टाकून आली होती.

"बरं, करते ऑनलाइन."

"इथे रेंज नाही. खालच्या वळणावर जावं लागेल."

वळणावर जाऊन तिने फोन उघडला. जागेचं भाडं पूर्वीइतकंच होतं, पण त्याखाली जवळजवळ निम्मी रक्कम आणखी चिकटवली होती. नाव काय, तर सुविधा शुल्क. तिचं टाळकंच सरकलं. रेंज शोधत हिंडायचं आपण, माहिती भरायची आपण, आणि वर सुविधेचे पैसेही आपणच मोजायचे. बसमध्ये तिने तिकीट फाडायचे वेगळे पैसे मागितले असते, तर प्रवाशांनी तिला उभी सोलली असती.

"भरून टाक ना," बाबा म्हणाले. "एवढ्याशासाठी कशाला डोक्यात राख घालून घेतेस?"

"बाबा, यातला एक पैसा तरी तळाला मिळतो का?"

तिने गाडी वळवली, परत फाटकाशी आणली आणि भाड्याच्या नोटा चौकीच्या खिडकीत ठेवल्या.

"मला भाडं रोख घेता येत नाही हो," चौकीदार कळवळून म्हणाला. "आणि बुकिंगशिवाय तंबू ठोकलात तर दंड होईल."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. शुल्काच्या चौपट होता.

"तो कोणाकडे जातो?"

"खात्याकडे, तळाच्याच खर्चाला. पावती मीच फाडतो."

"आणि मग रात्री उठवणार आम्हाला?"

"नाही. दंड भरला की सकाळपर्यंत राहता येतं."

"मग फाडा पावती."

चौकीदार तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, बुकिंग स्वस्त पडेल."

"हिशेब कळतो मला. तळाला चौपट देईन, त्या कंपनीला छदाम देणार नाही."

बोलून गेली खरी, पण मग तिची नजर मागच्या सीटकडे गेली. ज्या माणसाने उभी हयात नियमात काढली, त्याला त्याच्याच फाटकात दंड भरून आत न्यायचं. बाबांना हे सोसेल का? मागे गाडीचं दार वाजलं. बाबा काठी टेकत खिडकीशी आले, आणि त्यांना ओळखून चौकीदार ताडकन उभा राहिला. तो त्यांच्याच हाताखाली कामाला लागला होता.

"काका, तुम्ही तरी सांगा हिला."

"तिला काय सांगायचं? तुलाच सांगतो," बाबा म्हणाले. "पावती तिच्या नावाने नको, माझ्या नावाने फाड. आणि गुन्ह्याच्या जागी नीट लिही, सुविधा नाकारली."