ओलं गोणपाट

इंग्रजीत झाकण्याची क्रियापदे मुबलक आहेत. ‘रॅप’मध्ये वस्तू गुंडाळली जाते, ‘कोट’मध्ये तिच्यावर थर चढतो, ‘व्हेल’मध्ये ती अर्धीमुर्धी दिसत राहते; ‘बरी’मध्ये मातीखाली गेलेली वस्तू मात्र संपते. हे भेद मराठीत मांडणारा कोश मी किहीमला बसून अकरा वर्षे रचला. तो छापण्याचे एका कंपनीने कबूल केले आणि त्याआधी स्वतःचा अहवाल भाषांतराला दिला. खाडीचा चिखल चार मीटर भरावाखाली घालून तिथे माल साठवण्याचे आवार करायचे होते. अहवालातले क्रियापद होते ‘बरी’. कंपनीचे इंग्रजी निदान प्रामाणिक होते. मी ‘गाडणे’ लिहिले.

“सर, गाडणे फार अंगावर येतं,” कंपनीचा अधिकारी पियूष म्हणाला. तो माझा जुना विद्यार्थी. “आच्छादन करा ना. भारदस्त आहे, तुमच्यासारखं.”

मी केले. कोशाची मुद्रिते त्याच्याच टेबलावर पडली होती. भरावाचा आकडा परिशिष्टात, इंग्रजीतच राहिला.

जनसुनावणीला कृष्णाबाई उभ्या राहिल्या. ओहोटीला त्याच चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचून त्यांनी घर चालवले होते, अजून चालवतात.

“आच्छादन म्हंजे काय रं? आमी पाटीतल्या तिसऱ्यांवर वल्लं गोणपाट टाकतो, त्या जित्या ऱ्हातात. तसं हाय का?”

“अगदी तसंच, आजी,” पियूष म्हणाला.

“तुला कोण इचारतंय? काल बूट घालून चिखलात उतरलास नि रुतून बसलास.” मंडप हसला. “मास्तर, तुमी सांगा. लिवलंय तुमी.”

मी उठलो. मूळ संस्कृत धातू सांगितला, उपसर्ग सांगितला, अर्थच्छटा सांगितल्या. पाच मिनिटे शुद्ध बोललो आणि त्यात ‘भराव’ हा शब्द एकदाही येऊ दिला नाही.

“म्हंजे गोणपाटच,” कृष्णाबाई म्हणाल्या आणि बसल्या. चिखलावर पोट असलेल्या साऱ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. एकीनेही हरकत नोंदवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. पाटीवर ओले गोणपाट होते. मी ते उचलले. एक तिसरी उघडी होती, बोट लागताच मिटली.

“नीट समजावून दिलंत म्हून आणल्या,” त्या म्हणाल्या. “पण आजच शिजवा, मास्तर. गोणपाटाखाली दोन दिसांवर तग न्हाय धरत.”