घराजवळच्या शेताची फुलदाणी

मर्लनं झाडी पाडायच्या कागदावर सही करायला नकार दिला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. टेकडीवरची झाडी बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर ठेवून घोळ करून ठेवलाय. ती पाडली की गव्हाला नवी जमीन मिळणार होती. खालच्या चारपैकी तीन शेतं खारानं खाल्ली. मग मी पेरायचं कुठे, तिच्या फुलदाण्यांत?

मर्ल माझी मोठी बहीण. कुंभारकाम करते आणि मला अक्कल शिकवते.

"आजोबांनी झाडं पाडली म्हणून जमिनीतलं पाणी वर चढलं, रॉस, आणि खार घेऊन आलं. आता उरलेली पाडून घराजवळचं शेतही घालवणार आहेस?"

"ते शेत ठणठणीत आहे. लिहून घे."

"लिहून नको. माती दे."

तिनं टेकडीवरून आणि चारही शेतांतून बादलीभर माती नेली आणि पाच फुलदाण्या केल्या. ज्या जागेची माती, तिथं उभं राहिल्यावर समोर जशी दिसते तशी क्षितिजाची रेघ प्रत्येकीच्या काठाला कापलेली. नाव न वाचता मी पाचही ओळखल्या. रागात होतो तरी मान्य करतो, सुंदर होत्या. झिलई मात्र मुद्दाम दिली नव्हती, आतलं पाणी बाहेर पाझरावं म्हणून.

"वसंतातल्या प्रदर्शनात मांडते," ती म्हणाली. "प्रत्येकीत त्या-त्या जागेचं बोअरचं पाणी. गुरुवारी भरायचं, शनिवारी बघायचं. घराजवळच्या शेताची तू भर. ती स्वच्छ राहिली तर सगळ्या गावासमोर सही करते."

गुरुवारी कॅन घेऊन बोअरकडे निघालो आणि वाटेतच थांबलो. उगाच धोका का पत्करा? वळलो, पावसाच्या पाण्याच्या टाकीवर गेलो आणि आम्ही पितो ते गोड पाणी भरून घेतलं. लाज वगैरे काही वाटली नाही. सोमवारसाठी कॉलिनचा बुलडोझर सांगून ठेवला होता.

शनिवारी हॉलमध्ये गर्दी उसळली होती. खारपड शेतांच्या तिन्ही फुलदाण्यांना खाराचा पांढरा लोणा फुटला होता, त्यांतली फुलं माना टाकून पडली होती. टेकडीची स्वच्छ होती. यात कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. मग घराजवळच्या शेताची पाहिली. तिच्या पोटाभोवती बोटभर रुंद पांढरं कडं होतं.

मी अंगठ्यानं पुसून जिभेला लावलं. खारट.

"रॉसचं बोअरही गेलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या फुलदाणीत बोअरचा थेंबही नाही हे फक्त मला ठाऊक होतं. खार पाण्यातला नव्हता, मातीतला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या मातीतला.

मर्ल शेजारी येऊन उभी राहिली.

"मी टाकीचं पाणी भरलं होतं," मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे. हरायला लागलास की पत्ते बदलायची खोड तुझी लहानपणापासूनची."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या मातीची एक वाटी आधीच करून पाहिली होती. तू अमृत ओतलं असतंस तरी हेच झालं असतं. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. मला स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात कॉलिन केक खात आला. "सोमवारी सातला येऊ ना, रॉस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अठ्ठावन्न वर्षांत मी शब्द मागे घेतलेला नाही.

"ये," मी म्हणालो. "बुलडोझर घरी ठेव, नांगर आण. घराजवळच्या शेतात झाडांसाठी सऱ्या पाडायच्यात."

"गव्हाच्या शेतात? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरायला उशीरच झाला."

मी खिशातून झाडी पाडायचा कागद काढला, उलटा करून मर्लसमोर ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"किती झाडं लावायची ते लिही," मी म्हणालो. "सही मी करतो."