सीटवरचं प्लास्टिक

मी एक जुनी मोटारसायकल आहे. थांबा, थांबा! लगेच गंजलेलं काहीतरी डोळ्यांपुढे आणू नका. मी जन्मले तेव्हाच जुनी होते, मित्रांनो. कारखान्यात मला मुद्दाम तसं घडवलं. पूर्वीच्या गाड्यांसारखा गोल गरगरीत दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाकं, ऐसपैस तपकिरी सीट आणि लांबच लांब चकाकणारा सायलेन्सर. आवाज तर असा, धड्-धड्-धड्-धड्! आतलं यंत्र मात्र कोरं करकरीत. आजीचं लुगडं नेसून स्नेहसंमेलनात मिरवणारी नात असते ना, तशी मी. अमरावतीच्या शोरूममध्ये मी काचेजवळ उभी असायचे आणि येणारे-जाणारे काचेला नाक लावून मला बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

दसऱ्याच्या सकाळी माझे मालक आले. त्यांचं नाव वामनराव, राहणार दर्यापूर. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. सोबत त्यांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या. बाकीचे लोक मायलेज विचारतात. वामनरावांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी माझा मडगार्ड धरला आणि गदागदा हलवला, मग आरसा हलवला, मग दिवा.

"पाह्य वच्छला, काहीच वाजत नाई!"

एकतीस वर्षं खिडक्या, पत्रे, बोनेट असं सगळं खडखडणारी बस चालवलेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख काय असणार? म्हातारपणी आपली एक तरी गाडी न वाजणारी असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वच्छलाबाई म्हणाल्या, "ते राहू द्या. आता तरी मले चिखलदरा दाखवसान काय? अर्ध्या जिल्ह्याच्या नव्या नवऱ्या नेल्या तुमी थंडी हवा खायले. मी राह्यली तुमचे डबे भरत."

शोरूममधली सगळी माणसं हसली. वामनरावांची फेरी वर्षानुवर्षं दर्यापूर-परतवाडा-चिखलदरा हीच होती आणि बाईंनी चिखलदरा एकदाही पाहिलं नव्हतं! वामनराव कानापर्यंत लाल झाले.

"नेतो ना. ह्याच गाडीवर नेतो. पक्कं."

मित्रांनो, त्या एका शब्दासाठी मी विकले गेले असं मी समजते.

निघताना शोरूमचा माणूस सीटवरचं प्लास्टिक काढायला लागला. वामनरावांनी त्याचा हात धरला. "राहू दे, राहू दे. मळते." मग वच्छलाबाई एका बाजूला पाय घेऊन मागे बसल्या आणि पहिल्याच वळणाला घसरल्या.

"आवो, मी चालली ना खाली!"

"मंग धर ना मले."

त्यांनी वामनरावांच्या कमरेला हात घातला. वलगाव गेलं, खोलापूर गेलं, पुढे रस्ता अगदी सरळ झाला, तरी त्यांनी हात काढला नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटत होती. घर जवळ आलं तेव्हा त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "लय मस्त चालते हो ही." मी तर फुगून गेले! मला काय माहीत, की माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तो होता.

वामनरावांनी मला फार जपलं. किती जपलं ते सांगते. शोरूममध्ये सांगितलं होतं की पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवा. वामनराव पडले कायद्याचे माणूस. ते म्हणाले, पाचशे झाल्याशिवाय घाट चढायचा नाही. आणि पाचशे व्हायचे कसे? भाजी आणायला ते सायकलने जात, कारण बाजारात कोणाची पिशवी लागून माझ्यावर चरा पडला असता. पावसाळ्यात मला बाहेर काढायचे नाहीत, कारण आमच्याकडची काळी माती चाकाला लागली की खरवडून काढावी लागते. उन्हाळ्यात रंग उडेल म्हणून मी आत. वच्छलाबाईंनी स्वतःच्या दोन जुन्या लुगड्यांची खोळ शिवून मला घातली. हो, त्यांनीसुद्धा! दर रविवारी वामनराव खोळ काढायचे, मला पुसायचे, पाच मिनिटं अंगणात उभ्या-उभ्या सुरू करायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे.

"कधी जायचं मंग?" बाई विचारायच्या.

"पाणी सरू दे ना."

पाणी सरायचं, पावसाळा संपायचा. मग रागिणीचं, म्हणजे त्यांच्या अकोल्याला दिलेल्या मुलीचं, बाळंतपण निघायचं. मग ऊन निघायचं.

गल्लीच्या तोंडाशी श्रावण मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, गाडी चालवून बिघडत नाई, उभी ठेवून बिघडते."

"तू राह्यला तुह्या धंद्याचं बोलणारा," वामनराव म्हणाले.

आणि तुम्हाला वाटेल मी आतल्या आत रडत असेन. छे! मला वाटायचं, किती लाडाची आहे मी! वर्षानंतरच्या दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, टाकीवर आपट्याचं पान ठेवलं. गल्लीतल्या खटारा गाड्यांकडे मी नाक वर करून बघत होते. त्यांच्या सीटा फाटलेल्या, इंडिकेटर सुतळीने बांधलेले. त्या रोज संध्याकाळी कुठून कुठून धुळीने माखून यायच्या. त्यांचा मला आता एवढा हेवा वाटतो, की सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी वच्छलाबाई ओट्यावरून उठायला गेल्या आणि उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली. लकवा. त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं ते जीपमधून. मी खोळीच्या आतून फक्त आवाज ऐकले. महिन्याने त्या परत आल्या, खुर्चीत. तोंड जरा वाकडं झालं होतं, बोलणं अडखळत होतं, पण टोमणे तेच होते! वामनराव त्यांना भरवायचे, न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे. माझा रविवार बंद झाला. टाकीत पेट्रोल नासत होतं, बॅटरी मरत होती. आणि कोणालाच माझी आठवण नव्हती, हे बरोबरच होतं.

मग दसरा आला. रागिणी अकोल्याहून आली होती. पूजेसाठी मला ढकलत अंगणात आणलं, डबल स्टँडवर सरळ उभं केलं, धुतलं, हार घातला. खुर्चीतून बघत असलेल्या वच्छलाबाई एकदम म्हणाल्या, "मले बसवा तिच्यावर."

"काहून वो आई?" रागिणी दचकली.

"चिखलदऱ्याले नेतो म्हणे कोनी."

बाप-लेकीने मिळून त्यांना उचललं आणि माझ्यावर ठेवलं. पण त्या लगेच एका अंगाला घसरल्या. प्लास्टिक! तेच शोरूमचं प्लास्टिक, पिवळं पडून कडक झालेलं. तोल सावरायला त्यांच्या उजव्या अंगात आता काही उरलं नव्हतं. रागिणीने त्यांना मिठी मारून धरलं आणि वामनरावांनी नखांनी ते प्लास्टिक ओरबाडायला सुरुवात केली. ते सीटला चिकटलं होतं. तुकडे-तुकडे निघत होते. खाली सीट तशीच, तपकिरी, कोरी. शोरूमसारखा वास आला.

"फाडलं काय?" वच्छलाबाई वाकड्या तोंडाने म्हणाल्या. "मळते ना ते."

आधी त्या स्वतःच हसल्या, म्हणून मग रागिणीही हसली. वामनराव हसले नाहीत. ते पुढे बसले, बाईंचा डावा हात स्वतःच्या कमरेला गुंडाळला. रागिणीने मागून धरून ठेवलं. वामनरावांनी किल्ली फिरवून बटण दाबलं.

टिक्.

पुन्हा दाबलं. टिक्. मित्रांनो, मी काय काय केलं असेल! पण माझ्यात जीवच नव्हता. अख्ख्या जन्मात माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मला जमली नाही.

मग मला माझा आवाज ऐकू आला. धड्-धड्-धड्-धड्. मी घाबरलेच! तो आवाज वामनराव काढत होते, तोंडाने. आधी हळू, मग मोठा, मानेच्या शिरा फुगवून.

"अंजनगाव," ते म्हणाले. "कोणी उतरणार हाये काय?"

"आमी नाई उतरत," पाठीवर डोकं टेकून बाई म्हणाल्या.

धड्-धड्-धड्. "परतवाडा. दहा मिनटं थांबन, चहा पिऊन घ्या." धड्-धड्. "धामणगाव गढी. आता घाट लागते. धरून बस."

घाटातलं एकेक वळण त्यांना पाठ होतं. ते डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पुन्हा डावीकडे. मी स्टँडवर डोलत होते आणि जीव मुठीत धरून उभी होते. रागिणीने तोंड आईच्या पाठीत लपवलं होतं.

"मोथा गेलं. थंडी वाजून राह्यली काय?"

"उलीसक वाजते," बाई म्हणाल्या. दसऱ्याचं ऊन होतं, त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "आलं काय?"

"आलं. पाह्य, किती खोल दरी हाये."

त्यांनी मान वळवली. तिथे नळ होता, शेजारच्यांची भिंत होती आणि तिच्यावर वाळत घातलेली गोधडी. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तुमी दररोज हे पाहत होते?"

"हो."

"अन् मले कधी सांगतलं बी नाई."

वामनरावांनी आवाज बंद केला.

वच्छलाबाई पौषात गेल्या.

परवा पुन्हा दसरा झाला. श्रावण मिस्त्रीने न सांगता नवी बॅटरी आणून बसवली, टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं. मी पहिल्याच बटणाला सुरू झाले! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वामनराव ओट्यावर बसून ऐकत होते. मग उठले आणि किल्ली बंद केली. "राहू दे," एवढंच म्हणाले. खोळ आता कोणी घालत नाही. चिमण्या येऊन सीटवर बसतात, घाण करतात. ते बघतात आणि हाकलत नाहीत.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला 'आमची काळजी घ्या' असं सांगायचं असतं. मी नाही सांगणार. तुमच्या घरी कशावर तरी प्लास्टिक असेलच, आत्ता उठा आणि ते फाडा. गाडी मळू द्या, चरे पडू द्या. कोणाला कुठे न्यायचं कबूल केलं असेल तर पाणी सरायची वाट बघू नका. माझं आता काही होणार नाही. माझ्या मीटरवर सत्त्याऐंशी किलोमीटर आहेत आणि ते तेवढेच राहतील.

चिखलदरा आमच्या अंगणापासून शंभरेक किलोमीटर आहे. मीही ते अजून पाहिलेलं नाही.