खाली ठेवलेला ईझल

मित्रांनो, माझ्या अंगावर इतके रंग सांडलेत, की मूळचा मी कसा दिसत होतो ते मलाच आठवत नाही. मी एक जुना ईझल आहे, तीन पायांवर चित्र पेलून धरणारा सागवानी स्टँड. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एका चित्रकला वर्गात, दुसऱ्या मजल्यावर राहतो.

महूच्या सुताराने मला शंकररावांसाठी घडवलं. शंकरराव माणसं हुबेहूब रंगवत. मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. "अगदी फोटोच," असं कुणी म्हटलं की स्वारी आठवडाभर खूश. पुढे घरोघरी खरेच फोटो निघू लागले आणि हुबेहुबाची हौस ओसरली. त्यांची लेक संबोधी चेहरे निळे आणि झाडं लाल रंगवू लागली. शंकरराव नाक मुरडत, पण तिचे ब्रश स्वतः धुऊन ठेवत. मग तिने नाकडोळेही सोडून दिले, नुसते रंगांचे पट्टे ओढले. मी तेही आनंदाने पेलले.

पुढे मी या वर्गात आलो. आता इथली मुलं टॅबलेटवर चित्रं काढतात. माझ्यावर छत्र्या टांगतात. मला फार वाईट वाटायचं.

साताऱ्याहून शिकवायला नव्याने आलेल्या वसुंधराबाईंनी तर मला भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला तळमजल्यावरून सामान नेणार होता. प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी उर्वी नावाच्या विद्यार्थिनीला फोनवर एवढंच सांगितलं, "तो जुना ईझल खाली ठेव."

पण उर्वी पडली इंदूरची. तिने छत्र्या काढल्या, मला पुसलं आणि हॉलच्या मधोमध रिकामंच उभं केलं.

लोक येऊन माझ्याभोवती थबकू लागले. "भिया, ही नवी स्टाइल दिसते," एक गृहस्थ मित्राला म्हणाले. बाई घाईघाईने उर्वीकडे गेल्या.

"अगं, मी खाली ठेव म्हटलं होतं."

"खालीच तर ठेवलाय, बाई. काहीच नाही लावलं त्याच्यावर."

इंदूरच्या हिंदीमिश्रित मराठीत 'खाली' म्हणजे रिकामा, हे लक्षात येऊन बाईंना हसू आवरेना. तेवढ्यात केस पांढरे झालेल्या संबोधीताई आल्या. माझ्या फळीवरचा निळा पोपडा त्यांनी नखाने हलकेच उचलला. खाली तपकिरी रंग होता.

"हा बाबांचा मिशांचा रंग," त्या म्हणाल्या. "माझ्या निळ्याच्या नीचे अजून तसाच आहे."

त्यांचे डोळे भरून आले, माझंही लाकूड ओलावलं. बाईंनी लगेच भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

मित्रांनो, चित्रं नव्या तऱ्हेची जरूर काढा. पण ज्याने जुनी पेलली त्याला असं खाली ठेवू नका. ठेवायचंच असेल, तर उर्वीसारखं ठेवा.