पंपाची सागवानी पेटी

बाबा गेले आणि दोन आठवड्यांत घर गारठलं. काकांनी लगेच निदान केलं. काका निवृत्त मुख्याध्यापक; निदानासाठी त्यांना रोगी बघावा लागत नाही.

बाबांनी जन्मभर फ्रीज दुरुस्त केले आणि शेवटच्या वर्षी स्वतःच्या हातांनी घराला हीट पंप बसवला. हा ऊब तयार करत नाही, असं ते सांगत. हवा कितीही गार असली तरी तिच्यात थोडी ऊब उरतेच. ती गोळा करून हा आत आणून टाकतो. उन्हाळ्यात हाच हमाल उलटा चालतो, आतली ऊब बाहेर नेतो. ज्याला पटत नसे, त्याला ते फ्रीजच्या पाठीला हात लावायला सांगत: आतल्या भाज्यांची ऊब ही इथे येते. काकांनीही हात लावला होता, आणि फ्रीज बिघडलाय असं सांगितलं होतं.

आता ते दोन स्वेटर चढवून आईसमोर बसले होते. एवढ्या थंडीतून ऊब आणायची म्हणजे रिकाम्या डब्यातून साखर काढायची. आमच्या दादाला पहिल्यापासून असले नाद. शुक्रवारी बॉयलरवाला येऊन पंप काढून नेणार होता. आईने आजपासूनच काकांकडे राहायचं, आणि पुढेही तिकडेच, असं ठरलं होतं. ठरवताना आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

आई पिशवीत कपडे ठेवत होती, परत काढत होती.

"मला इथेच राहायचंय," ती मला हळूच म्हणाली. "पण दात वाजतात गं. भावजींना काय सांगू?"

मी मागच्या अंगणात गेले. पंपाच्या जागी पॉलिश केलेली लाकडी पेटी उभी होती. वर उतरतं छप्पर, समोर बारीक फटी, कडी. काका मागोमाग आले आणि पेटीवर हात ठेवून उभे राहिले. भेटायला येणाऱ्यांसमोर ते धूड बरं दिसत नव्हतं, म्हणून बाबा गेल्यावर त्यांनीच ती सुताराकडून मापाने करून घेतली होती.

आत पंखा धापा टाकत होता. ऊब काढून घेतलेली गार हवा तो बाहेर फेकायचा, पेटी तीच त्याला परत पाजायची. पंपाच्या जाळीवर बर्फाचा थर चढला होता. मी बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर आणला. सागवान आहे, जपून, असं काकांनी बजावलं.

"काका, तुम्ही त्याचं नाक दाबलंत."

"मी मायेने झाकलं त्याला."

"तेच म्हणतेय मी."

शेवटची फळी निघाली तेव्हा मागच्या भिंतीवर बाबांचं अक्षर दिसलं, तैलरंगात: समोर काही ठेवू नये. काकांनी ते वाचलं होतं. सूचना विद्यार्थ्यांसाठी असतात. मी मात्र ती गरजेपेक्षा जास्त वेळा वाचली.

बर्फ वितळायला तासभर गेला. संध्याकाळी काकांनी एक स्वेटर काढला, मग दुसरा. यंत्रालाही विश्रांती लागते, हे आपण आधीच म्हटलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

आईने पिशवी रिकामी करून खुंटीला अडकवली.

"भावजी," ती म्हणाली, "बॉयलरवाल्याला नको म्हणून कळवा. आणि जाताना पेटी न्या. तुमच्याकडे काहीतरी झाकायला लागेलच."